सव्वासात ते आठ

पुखराजशेठ माणसाच्या बोलण्याला मार्क द्यायचे. मार्क दोन. पहिला पाचापैकी, बोलणं किती समजलं याचा. दुसरा नवापैकी, आवाजात जोर किती होता याचा. रेडिओवरून बोलणारे लोक एकमेकांना असेच मार्क देतात हे मला फार उशिरा कळलं. तोवर ती जुन्नरच्या बाजारपेठेतली कसली तरी व्यापारी खूण असावी असंच मी धरून चालले होते. एकदा आमच्या चौकात निवडणुकीची सभा झाली. अर्धा तास भाषण ऐकून शेठ उठले, पँट झटकली आणि शेजारच्याला म्हणाले, "एक-नऊ." सकाळी गल्लीत येणाऱ्या मेथी-कोथिंबीरवालीला मात्र ते कायम पाच-नऊ द्यायचे, आणि तीही ते हक्काने घ्यायची. मला त्यांनी पहिल्या भेटीत पाच-तीन दिले होते. म्हणजे ताई, तुमचं सगळं समजतं, पण बोलता फार हळू. माझ्याबद्दल असं मत असणारा तो जगातला एकमेव माणूस.

ती पहिली भेट आमच्या वीज कार्यालयात झाली. मी तिथे तक्रारी नोंदवून घेते. तक्रार घेऊन येणारा माणूस येतानाच तापलेला असतो आणि मीही काही कमी नाही, त्यामुळे माझ्या टेबलापाशी सहसा कुणी रेंगाळत नाही. शेठ चप्पल दाराबाहेर काढून आत आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर, चष्म्याला काळी दोरी. त्यांनी घडी घातलेला कागद पुढे ठेवला. वेशीजवळच्या तिसऱ्या खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला आहे, असं त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मी विचारलं, वीज गेलीय का? नाही. दिवे मिचमिचतात का? नाही. मग तुम्ही खांबावर चढला होतात का?

"घरात बसून ऐकला," शेठ म्हणाले. "तीन दिवस झालं, खरखरतोय."

तो कागद मी सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला, हे कबूल केलं पाहिजे. सगळे पोट धरून हसले. पण आमचा वायरमन गवारी त्या बाजूला दुसऱ्या कामाला गेला होता, तो सहज वर चढला. इन्सुलेटरला केसाएवढी चीर होती. पावसाळ्यात तो खांब दगा देणार हे नक्की होतं. तेव्हापासून दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी गवारी गुपचूप शेठच्या दुकानात जाऊन बसायचा, आणि मग कुणाचीही तक्रार नसताना जुन्नरमधले चार-पाच खांब दुरुस्त व्हायचे. साहेबांनी एकदा विचारलं की हे तुला कळतं कसं, तर गवारी म्हणाला, अनुभव.

पुढच्या वर्षी आम्ही शेठच्याच गल्लीत घर घेतलं. आमची गच्ची आणि त्यांची गच्ची यांत फक्त एक घर. त्यांच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती आणि तिच्या छपरावरून एक लांबलचक तार निघून गल्लीच्या टोकाच्या लिंबाला बांधलेली होती. नव्याने राहायला येणाऱ्याला वाटायचं की ती कपडे वाळत घालायला आहे. मलाही तसंच वाटलं. मी दोन साड्या वाळत घातल्या, तर पाचव्या मिनिटाला शेठ खाली येऊन अतिशय नम्रपणे म्हणाले, ताई, साड्या चांगल्या आहेत, पण माझी तार त्यांच्या वजनानं खाली येते आणि मद्रास ऐकू यायचं बंद होतं.

तर शेठचा छंद हा होता. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि घरात यंत्र लावून जगभरातल्या आपल्यासारख्याच माणसांशी हवेतून बोलायचं. शेठचे आजोबा मारवाडातून जुन्नरला आले, वडिलांनी भांड्यांचं दुकान चालवलं, शेठनी त्याच गाळ्यात इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान टाकलं. पण तोंडाने बोलणं त्यांना फारसं आवडायचं नाही. तारयंत्रासारखी पितळी किल्ली होती, तिच्यावर बोट ठेवून कट्ट-कडकट्ट करत ते बोलायचे. पलीकडच्या माणसाला ते बारीक शिट्टीसारखं ऐकू जातं, लांब आणि आखूड, आणि त्यातून अक्षरं जुळतात. मी कधी गच्चीवर गेले की ती टकटक यायची. त्यातली एकच चाल मला ऐकून ऐकून पाठ झाली, कारण ती ते पुन्हापुन्हा वाजवायचे. तिचा अर्थ विचारला तर म्हणाले, "कुणी हाय का, एवढंच."

यंत्रं दोन होती. एकीचं नाव थोरली. ही करड्या रंगाची, जपानी, पन्नास वर्षांची, दोन हातांनी उचलावी लागायची. तिच्या पोटात काचेचे दिवे होते; बटन दाबल्यावर ते तापून लालसर व्हायला दोन मिनिटं लागायची, आणि तेवढा वेळ शेठ हात जोडून नाही, पण जवळजवळ तसेच बसायचे. दुसरी धाकटी. ही नंतरच्या काळातली, लहान, हिरव्या तबकडीची, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. नव्या जमान्यातली पडदेवाली यंत्रं त्यांनी पाहिली होती, पण घेतली नाहीत. त्यांचं म्हणणं, त्यात सगळं यंत्रच करतं, मग माणसानं काय करायचं?

दोघींना वीज मात्र उन्हाची. आमच्या ऑफिसच्या विजेत खरखर असते असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते माझ्या तोंडावर सांगायला त्यांना संकोच वाटायचा नाही. गच्चीवर दोन पॅनल, खोलीत बॅटऱ्या. एकदा बॅटरी भरेना म्हणून ते सकाळभर वायरी तपासत होते. शेवटी वर जाऊन पाहिलं तर त्यांच्या बायकोने, म्हणजे भाभींनी, दोन्ही पॅनलवर उडदाचे पापड वाळत घातले होते. भाभींचा मुद्दा बिनतोड होता. घरात सगळ्यात चांगलं ऊन तिथेच पडतं असं शेठच तर सांगत होते.

दुकानात त्यांची एक सवय होती, तिने गिऱ्हाइकं वैतागायची. विकायचा प्रत्येक बल्ब ते आधी लावून बघत आणि त्याच्याजवळ छोटा ट्रान्झिस्टर धरत. ट्रान्झिस्टर खरखरला की बल्ब बाजूला. "हा ओरडतो," म्हणायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, शेठ, मला तर काय ऐकू येत नाय. शेठ म्हणायचे, "तुला नाय येत. हवेत जातंय त्ये." उजेड तेवढाच पडणारा बल्ब घ्यायला माणूस शेजारच्या दुकानात जायचा आणि शेठ शांतपणे पुढचा बल्ब लावून बघायचे.

अशा माणसाच्या हातून ती चूक व्हावी, हेच मला अजून खरं वाटत नाही.

सोलरचं वेड गल्लीला शेठनीच लावलं. दुपारी दुकानात चहा पिणाऱ्या प्रत्येकाला ते उन्हाचं महत्त्व पटवून द्यायचे. वीज कार्यालयात नोकरी करणाऱ्या मलाही त्यांनी पटवलं, यावरून बाकीच्यांचं काय झालं असेल ते समजावं. एका आषाढात वीज वरचेवर जात होती, तेव्हा गल्लीतल्या अकरा घरांवर एकदम पॅनल चढले आणि जिन्याखाली इन्व्हर्टर बसले. प्रत्येक इन्व्हर्टर शेठनी स्वतः ट्रान्झिस्टर लावून तपासला. सगळे मुके. आमच्या घरचा बसवला तेव्हा मी पेढे वाटले होते.

त्यानंतर दसऱ्याच्या सुमाराला शेठ जरा गप्प झाले. मार्क द्यायचे बंद झाले असं नाही, पण विसरायचे. तीनदा ते आमच्याकडे मोफत सर्व्हिसिंगच्या नावाने आले आणि इन्व्हर्टरच्या वायरींना काळ्या जड कड्यांचे वेढे घालून गेले. मी त्यांना प्रत्येक वेळी लिंबाचं सरबत दिलं आणि मनात म्हटलं, विकून झाल्यावर इतकं कोण बघतं. रविवारी मात्र ते सकाळी दिसेनासे झाले. भाभी म्हणाल्या, पाठीवर पिशवी टाकून तळेघरला जातात. या वयात, गुडघे दुखत असताना, एसटीने. आणि मला विचारू नका का ते.

मी विचारलंच. उत्तर आलं नाही, आमंत्रण आलं. माघातल्या एका रविवारी पहाटेची गाडी धरून आम्ही घोडेगावला गेलो, तिथून भीमाशंकरची गाडी. डिंभ्याचं धरण मागे पडलं. तळेघरच्या पुढे उतरून भातखाचरांच्या बांधावरून अर्धा तास चाललो. एका कातळावर हिरड्याचं झाड होतं, तिथे त्यांनी पिशवी ठेवली. पिशवीतून धाकटी निघाली, एक बॅटरी निघाली, उकळलेल्या पाण्याची बाटली निघाली आणि चटईसारखं घडीचं पॅनल निघालं. ते उलगडून त्यांनी उन्हाकडे तोंड करून दगडाला टेकवलं. मग सुतळीला धोंडा बांधून झाडावर भिरकावला. तिसऱ्या खेपेला तो हव्या त्या फांदीवरून पलीकडे गेला आणि मागोमाग तार वर चढली. मी त्यांना दुकानाच्या गादीवरच पाहिलेलं. हा माणूस मला नवाच होता.

धोंड्याचा आवाज ऐकून एक शेतकरी आला. कानावर टोपी ओढलेली, हातात कोयता. त्याने तारेकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं.

"बिबट्याच्या गळ्यातला पट्टा ऐकताय व्हय?"

"नाय भाऊ. मैतर ऐकतोय."

"हितं तर कोन दिसंना."

"केरळात हाय त्यो."

शेतकऱ्याने यावर थोडा विचार केला, मग पॅनलवर फांदीची सावली येत होती ती बघून ते उचललं आणि उन्हात धरून उभा राहिला. पुढचा तासभर सावली सरकेल तसा तोही सरकत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मित्राचं नाव मथाई. जन्मभर जहाजांवर तारयंत्र चालवलेला माणूस. वीस-बावीस वर्षं दोघांची रोज सकाळी साडेसातला हवेत गाठ ठरलेली होती आणि दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. आता मथाई शहाऐंशी वर्षांचे होते. त्यांना माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. फोन निरुपयोगी, कानातल्या यंत्राने फक्त भांडी वाजलेली ऐकू यायची. पण त्या किल्लीची बारीक शिट्टी, ठरावीक पट्टीतली, तेवढी अजून कानात शिरत होती. ते लेकीच्या फ्लॅटवर राहायला गेले होते. तिथे बाल्कनीत हातभर तार, म्हणून त्यांचा आवाज फार क्षीण यायचा. जुन्नरमध्ये तो ऐकूच येत नव्हता. लेकीला मेसेज करून शेठनी रोजची भेट रविवारी दहावर आणली होती.

शेठनी हेडफोनचा एक कर्णा माझ्या कानाला लावला. मला नुसती वाळू चाळल्यासारखी सळसळ ऐकू आली. बराच वेळ लक्ष दिल्यावर तिच्या तळाशी काहीतरी बारीक लुकलुकतंय असं वाटलं. शेठ मात्र कागदावर एकेक अक्षर उतरवत होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी दुसरीकडे बघितलं. लिहून झाल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? शेठनी वाचून दाखवलं. पाऊस नाही. कुंडीतला मिरीचा वेल वाळतोय. नातीची परीक्षा. गुडघा कसा आहे?

माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढ्यासाठी इतकी यातायात?"

"ताई, रोज गुडघा इचारणारं कुणीतरी लागतं ना," शेठ म्हणाले.

परतताना मी विचारलं की गावात ऐकू का येत नाही. खरखर वाढलीय म्हणाले. मग आमच्या ऑफिसात तक्रार का नाही आणली? खांबावरची न्हाई, म्हणाले. मग कुठली? गावाबाहेर मळ्यात जाऊन का बसत नाही? तर तिथे पंपांची खरखर आणि सकाळी उसात बिबट्या. कुठली खरखर या प्रश्नाचं उत्तर त्यांनी टाळलं आणि त्या शेतकऱ्याने दिलेल्या नाचणीच्या भाकरीची चव किती चांगली होती हे सांगत राहिले.

जूनमध्ये तळेघरचं जाणं थांबलं. तिकडचा पाऊस म्हणजे छत्रीचं काम नाही, आणि ढगात पॅनल काय करणार. जुन्नरात मात्र त्या वर्षी रोज सकाळी ऊन पडत होतं. आषाढ गेला, श्रावण गेला. शेठ दुकानात बसायचे, पण ट्रान्झिस्टर हातात घेतलेला मी पाहिला नाही. एकदा भाजीवालीने विचारलं की शेठ, आज किती, तर त्यांना प्रश्नच कळला नाही.

गणपतीच्या दिवसांत त्यांची संवत्सरी आली. जैन माणूस त्या दिवशी उपास करतो आणि वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखावलं असेल त्याची क्षमा मागतो. शेठ दर वर्षी दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या घरी जायचे. दारात उभं राहून हात जोडायचे, मिच्छामि दुक्कडम् म्हणायचे, आपण असू द्या हो म्हणायचं. आम्हीही ते सणासारखंच धरलं होतं. त्या वर्षी ते माझ्या दारात आले, हात जोडले आणि पुढे गेले नाहीत.

"ताई, वर्षभर तुमच्या इन्व्हर्टरला मनातल्या मनात लई वाईट बोललो. रोज बोललो. तुमच्या घराला लागलं असंल. क्षमा करा."

मी आधी हसले. इन्व्हर्टरला कसलं वाईट बोलता, तुम्हीच तर दिलाय. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना आत बसवलं.

खरखर आमची होती. अकरा घरांच्या अकरा इन्व्हर्टरांची, आणि सगळ्यात मोठी माझ्या घरची, कारण सोलरवाल्यांत मी सगळ्यात जवळ. आषाढात तपासले तेव्हा आभाळ भरलेलं होतं. पॅनलमधून काही येतच नव्हतं, तर इन्व्हर्टर ओरडणार कशाला. ढग हटले, ऊन कडक झालं आणि अकराही एकदम ओरडायला लागले. रात्री ते गप्प असायचे, पण अंधार पडला की केरळ इथवर पोचत नाही. बल्बसुद्धा लावून बघितल्याशिवाय न विकणाऱ्या माणसाने ऊन न बघता सोलर विकलं होतं. "जन्म गेला यात," शेठ म्हणाले, "आन् एवढं कळू नये?"

मी म्हटलं, पण मग सांगायचं होतं. दोन पावलांवर राहतो आपण.

"मीच तुमच्या गळ्यात मारलं, आन् मीच म्हनू बंद करा? तुमी पेढे वाटले व्हते, ताई." मग म्हणाले, "तीन म्हैने झालं. मथाईसाहेब दर रविवारी हाक मारत असतील. हिकडनं काय बी नाय."

ते तीन वेळचं सर्व्हिसिंग मला आठवलं, खरखर दाबायला घातलेली ती काळी कडी आणि माझं सरबत. मला लाज वाटली, आणि रेडिओतलं तर मला काही येत नव्हतं.

पण एक गोष्ट मला येते. लोकांची वीज रीतसर बंद करणं हे माझं कामच आहे. त्या दुपारी मी घरच्या कागदावर, पण ऑफिसच्याच भाषेत सूचना लिहिली. देखभालीच्या कामासाठी दररोज सकाळी सव्वासात ते आठ या वेळेत गल्लीतील सर्व सौर इन्व्हर्टर बंद राहतील, तरी ग्राहकांनी सहकार्य करावे. हे शेवटचं वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा लिहिलंय आणि कुणी सहकार्य केल्याचं आठवत नाही. म्हणून अकरा घरी स्वतः गेले आणि मथाईंची गोष्ट सांगितली. कागद लिंबाच्या बुंध्याला लावला. शेठ धावत आले, म्हणाले ताई, हे काढा, बरं दिसत नाय. मी म्हटलं, निघालेली सूचना मागे घेता येत नाही. रात्री त्यांनी मथाईंच्या लेकीला मेसेज केला, उद्या साडेसातला.

दुसऱ्या दिवशी मी माझं बटन पाडून त्यांच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन उभी राहिले. थोरलीचे दिवे तापले. शेठ कानाला कर्णे लावून बसले, डोळे मिटून. एकेक घर बंद होत होतं तसं ते बोट मिटत होते, कारण प्रत्येक घराची खरखर ते वेगळी ओळखायचे. शेवटी एक बोट उरलं. "तांबोळींचं ऱ्हायलं," म्हणाले. कोपऱ्यावरच्या तांबोळींच्या सतरंज्यांच्या दुकानात सकाळची घाई असते. मी गच्चीच्या कठड्याशी गेले आणि हाक मारली. लिंबावरचे पक्षी उडाले. तांबोळीभाऊ अर्धी दाढी केलेले बाहेर आले, कपाळावर हात मारला आणि आत पळाले.

"ताई, आज पाच-नऊ," शेठ म्हणाले, आणि शेवटचं बोट मिटलं.

मग त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पेन्सिल चालायला लागली. थोडंच लिहिलं त्यांनी. मी खांद्यावरून वाकून पाहिलं, इंग्रजी आद्याक्षरांची कसली तरी मोडी होती. मी काय म्हणून विचारलं. त्यांनी कर्णे न काढता सांगितलं, "गुडघा कसा हाय, इचारतायत." आणि मग चष्मा काढून पुसायला लागले. त्या दिवशी त्यांनी मिच्छामि दुक्कडम् एकेक अक्षर वाजवून केरळला पाठवलं.

त्यानंतर गल्लीला सवय लागली. सव्वासातला बटनं बंद, आठच्या ठोक्याला चालू. कुणाच्या घरी पाहुणे असोत, लग्न असो, दहावीचा पेपर असो, सहकार्य झालं. मथाईंची गुडघ्याची चौकशी, मिरी आणि नात गल्लीभर माहीत झाली. भाजीवालीसुद्धा विचारायची, केरळचं काय म्हणतंय?

पुढच्या उन्हाळ्यात शेठ बातम्या कमी सांगायला लागले. ठीक हाय म्हणायचे. मीही खोलात गेले नाही. रोज सकाळी ते खोलीत दिसायचे, कानाला कर्णे, हातात पेन्सिल.

मग पुन्हा संवत्सरी आली. त्या वर्षी ते माझ्याकडे सगळ्यांत शेवटी आले. मी दार उघडतानाच म्हटलं, यंदा कुणाच्या इन्व्हर्टरला बोललात? ते हसले नाहीत.

"मथाईसाहेब पाडव्याच्या आधीच गेले, ताई. लेकीचा मेसेज आला व्हता. मी कुणाला बोललो नाय. पाच-सहा म्हैने तुमी इमानानं बटनं बंद करताय, आन् मी खोटा बसतोय."

मी विचारलं, "मग रोज बसून काय करत होता?"

"ऐकत व्हतो. एवढी शांतता कुनाच्या नशिबी असते? लांबलांबचं ऐकू येतं. कधी कोन नवीन हाक मारतं, कधी नाय." त्यांनी चष्म्याची दोरी सारखी केली. "आन् मला वाटायचं, बंद करू नका म्हनून तुमाला सांगितलं, की मग मथाईसाहेब खरंच गेले."

कागद मी काढून टाकलाय, म्हणाले. सगळ्या घरी सांगून आलोय. उद्यापासून बटन बंद करू नका. मग हात जोडून जिना उतरले, एकेक पायरीवर थांबत.

आता शेठ पुण्याला मुलाकडे असतात, बाराव्या मजल्यावर. त्या दिवाळीनंतर गुडघ्यांमुळे जावं लागलं. थोरली आणि धाकटी दोघी बरोबर गेल्या, पण तिथे तार बांधायला झाड नाही म्हणतात. मला ते आठवतात ते मात्र त्यांनी कागद काढला त्याच्या दुसऱ्या सकाळचे.

मी कुणाशी काही बोलले नव्हते. सूचना लिहिली नव्हती. सवयीने सव्वासातला जिन्याखाली गेले आणि बटनावर हात ठेवून उभी राहिले. मग ते पाडलं आणि गच्चीवर गेले. ऊन चांगलं पडलं होतं. कोपऱ्यावर तांबोळीभाऊ बनियनवर, तोंडात ब्रश घेऊन, आपल्या दारातून आत वाकले होते. पलीकडच्या गच्चीवरच्या काकू माझ्याकडे न बघता खाली गेल्या. कुणी कुणाला हाक मारली नाही.

शेठच्या खोलीची खिडकी उघडी होती. ते बसलेलेच होते, खरखर ऐकायच्या तयारीने. मी पाहिलं, त्यांनी आवाजाचं बटन वाढवलं. मग अजून वाढवलं. कर्णे काढून झटकले, पुन्हा लावले. थोरलीच्या झाकणावर दोन चापट्या मारल्या, तिचंच काहीतरी बिघडलंय असं वाटून. मग त्यांचे हात थांबले. बाहेर डोकावून त्यांनी कुणाकडेही बघितलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

नंतर त्यांनी किल्ली जवळ ओढली. ती भाषा मला येत नाही. पण गल्लीत इतकं शांत होतं की टकटक माझ्या गच्चीपर्यंत आली, आणि ती एक चाल मला पाठ आहे. कुणी हाय का. थांबून पुन्हा, कुणी हाय का.

त्या दिवशी आठ वाजून गेले तरी गल्लीत कुणी बटन चालू केलं नाही.